ठराव क्रमांक सात आणि सुमनबाईचं फडकं

सुमनबाई सकाळी सातला तोंडाला फडकं बांधून घराबाहेर पडायची आणि त्या क्षणापासून गावात तिला कोणी ओळखत नसे.

ओळखणं अवघड होतं असं नाही. डावा पाय किंचित फेकत चालणारी, चार बायकांत डोक्यानं उंच, हातात दोन पुडांचा डबा धरलेली बाई आमच्या गावात एकच आहे. शिवाय ते फडकं. मूळचं पांढऱ्या धोतराचं, पण हळदीनं असं पिवळं झालेलं की धुतल्यावर पाणी पिवळं व्हायचं आणि फडकं होतं तसंच राहायचं. तरी गावाचं एक न बोललेलं ठरलेलं होतं. फडकं वर आहे तोवर ती बाई कोण, हे आपल्याला माहीत नाही. अकरा वर्षं गावानं हे पाळलं. बांधाच्या बाबतीत आमचं गाव अकरा महिनेसुद्धा शब्द पाळत नाही.

याचं कारण तिचं घर. सुमनबाई ही, गावात ज्यांचा शब्द चालतो त्या उकंडरावांच्या मयत धाकट्या भावाची, विश्वंभरची बायको. ट्रॅक्टर ओढ्यात उलटून विश्वंभर गेला तेव्हा लेक प्रतिक्षा चौथीत होती. जमीन एकत्रच राहिली, म्हणजे उकंडरावांकडे राहिली. घरात ज्वारी, गहू, डाळ वेळेवर यायची. उकंडरावांचं म्हणणं, बाईला आणखी काय लागतं. त्यांच्या घरातली बाई दुसऱ्याच्या कामावर कधी गेली नव्हती आणि जाणार नव्हती. पण पोरगी शिकवून पुढं नांदेडला नर्सिंगला घालायची तर तिथं ज्वारी घेत नाहीत. म्हणून सुमनबाई हिंगोलीच्या अलीकडे एका शेडवर हळद पॉलिशच्या ड्रमवर मजुरीला जायची, आणि गावात सांगितलं जायचं की ती शिवणक्लास घेते. अकरा वर्षांत तिनं शिवलेलं एक झंपर कोणी पाहिलं नाही. मागितलंही नाही.

पॉलिशचा ड्रम म्हणजे जाळीचं मोठं पिंप. वाळलेली हळकुंडं त्यात टाकायची, पिंप फिरायला लागलं की साल निघते आणि तिचा धुरळा होतो. तो नाकात, कानात, पापणीच्या आत बसतो. बायका तोंड बांधतात ती त्या धुरळ्यासाठी. सुमनबाई दोन गोष्टींसाठी बांधायची, एवढाच फरक. विश्वंभर गेल्यापासून गावातल्या एकाही हळदीकुंकवाला तिला बोलावणं नव्हतं, आणि वर्षाचे चार महिने ती टाचेपासून केसापर्यंत हळदीत असायची. याची गंमत वाटण्याइतका वेळ तिला कधी मिळाला नाही.

यंदा फेब्रुवारीत आमच्या गावावर जगाचा परिणाम झाला.

मोबाइलवर बातम्या येत होत्या की अमुक देशात तोंड झाकण्यावर बंदी आली, तमुक देशात येऊ घातली. त्यातच जवळच्या बाजारपेठेत एका सराफाकडून तोंड बांधलेल्या दोन बायकांनी पाटल्या लांबवल्या, अशी बातमी फिरली. खरी होती का, हे विचारायला कोणी गेलं नाही. आठ दिवसांत विशेष ग्रामसभा लागली.

सरपंचपद महिलांना राखीव असल्यानं सरपंच अनुसयाबाई. या उकंडरावांच्या पत्नी आणि सुमनबाईच्या थोरल्या जाऊबाई. सभेत त्या अध्यक्षांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर सासरचे दोन थोर पुरुष असल्यानं पदर नाकाच्या खाली ओढलेला. बोलत होते उकंडराव.

"जगात मोठेमोठे देश बंदी करून राहिले. आपुन काहून मागं राहायचं?"

जगाच्या बरोबरीनं चालायची गावाला आलेली ही पहिलीच हुक्की. नळाच्या बाबतीत ती कधी आली नव्हती.

पानटपरीवाला मुंजाजी उठला. "दादा बराबर बोलले. पोरी तोंडाला रुमाल बांधून कुणाच्या गाडीवर बसून जातेत, कळत न्हाई. बापाच्या पुढून पोरगी जाते अन् बाप म्हणते कोणाची हाय बाप्पा."

"तुला पोटची पोरगी चालीवरून वळखू येत न्हाई मुंजा," काळीपिवळी जीप चालवणारा मोहनसिंग मागून म्हणाला, "तर तोंडावरून काय वळखशील? मागं कधी बगितलंस तिचं तोंड?"

हशा झाला. मुंजाजी खाली बसला.

कृषी दुकानवाल्या शिवहारला आडवळण आवडत नाही. "मूळ मुद्दा बुरख्याचा हाय," तो म्हणाला. "तो सरळ लिवा ना."

गावात बुरखा एकच येतो, तोही बाजाराच्या दिवशी दोन तास. कळमनुरीकडची बांगडीवाली भाभी. बायका ओसरीवर बसवून तिच्याकडून चुडा भरून घेतात आणि तिला चहा देतात. शिवहारच्या बायकोच्या हातात त्या घडीला होत्या त्या बांगड्याही तिच्याच.

ग्रामसेवकांनी पेन थांबवलं. "समाजाचं नाव नाही घालता येत. मुळात असा ठराव कायद्यात बसत नाही."

"मग?"

"मग 'कोणीही' असं लिहितो."

कायद्यात न बसणारा ठराव नीट भाषेत बसवण्याचं त्यांचं कसब वादातीत आहे. एका बुरख्यासाठी काढलेला ठराव असा साऱ्या गावावर पडला.

"अन् माझं कसं?" मोहनसिंगनं विचारलं. "म्या दिवसभर धुराळा खातो. गमछा सोडू का?"

"गड्यामानसाचं काय हाय त्यात," उकंडराव म्हणाले. "कामासाठी लागते ते चालते. साहेब, तसं लिवा. फवारणीवाले हायेत, हा मोहनसिंग हाय."

ग्रामसेवकांनी लिहिलं की कामाच्या स्वरूपामुळे तोंड झाकणे आवश्यक असलेल्या मजुरांना सरपंचांच्या सहीचा दाखला मिळेल व दाखलाधारकांची यादी फलकावर लावण्यात येईल. 'गडीमाणूस' हा शब्द लिहायचा राहिला. फवारणी पुरुष करतात आणि मजुरी म्हटली की पुरुषाची, हे इतकं उघड होतं की ते लिहायचं कोणाला सुचलंच नाही.

"अन् पदर?" मोहनसिंगनं खुर्चीकडे बघत विचारलं.

"पदर म्हंजे झाकणं न्हाई. ती रीत हाय."

अशा रीतीनं सार्वजनिक ठिकाणी तोंड झाकण्यास मनाई करणारा ठराव क्रमांक सात, तोंड झाकलेल्या अध्यक्षांच्या सहीनं एकमतानं मंजूर झाला. फोटो आहे.

त्याआधीच्या महिला सभेचाही त्याला एकमुखी पाठिंबा होता. महिला सभा आमच्याकडे घरपोच होते. पंचायतीचा शिपाई रामकिशन वही घेऊन दारोदार फिरतो आणि बायका पिठाच्या हातानं सही करतात. त्यानं सुमनबाईला सांगितलं, "टाकीचं हाय, पाण्याच्या." ती म्हणाली, "एकदाची होऊ दे बाबा," आणि तिनं सही केली. एकतिसाव्या नंबरला.

मार्च लागला. हळदीचा हंगाम भरात आला. बांगडीवाली भाभी एका बाजाराला आली, जीपवरून उतरल्या उतरल्या चार जणांनी तिला ठराव वाचून दाखवला, ती दोन मिनिटं उभी राहिली आणि त्याच जीपनं परत गेली. ठरावाचं हे एकमेव यश. गावातल्या बायकांनी त्या आठवड्यात बांगड्या भरल्या नाहीत आणि कोणाला काही म्हटल्याही नाहीत.

मग रामकिशनला जीपच्या थांब्यावर उभं केलं.

पहिल्या सकाळी सुमनबाई आली. रामकिशन आदल्या दिवशीच तिच्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेलेला.

"बाई," तो म्हणाला, "फडकं..."

"काय फडकं?"

"कोन हाय तुमी?"

"तुला म्हाईत न्हाई?"

रामकिशननं जीपकडे बघितलं. "म्हाईत हाय म्हणलो तर दादा नोकरीवरून काढतेत. म्हाईत न्हाई म्हणलो तर ठराव म्हणते तोंड उघडून बग. माझी लई तकलीफ होऊन राहिली बाई."

"मग तू आपले डोळे झाक," मोहनसिंग जीपमधून म्हणाला. "ठरावात डोळ्याचं काही लिवलेलं न्हाई. बसा बाई, उशीर व्हायला."

रामकिशननं पाठ फिरवली. दहा दिवस तो रोज सात वाजता थांब्याकडे पाठ करून उभा राहिला. आमच्या गावात एवढी चोख नोकरी दुसऱ्या कोणी केली नसेल.

घात कॅमेऱ्यानं केला. थांब्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र उकंडरावांच्या मोबाइलवर येतं. एका दुपारी त्यांनी मागचं चित्रण बघता बघता तोंड बांधलेली एक बाई पकडली आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. 'ही महिला रोज ठरावाचा भंग करून राहिली. ओळखणाऱ्यांनी त्वरित कळवावे.'

उकंडरावांनी तिला खरंच ओळखलं नाही. त्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत. तो आला की ती दाराआड होते. शिवणक्लासचं काहीही सांगितलं तरी ती मजुरीला जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण चोवीस वर्षांत त्यांनी तिला एकदाही धड बघितलेलं नव्हतं, आणि सकाळी सातला ते कधी उठत नाहीत. त्यांना ठाऊक होता तो दाराआडचा आवाज.

ग्रुपवर दोनशेचौदा माणसं. सगळ्यांनी फोटो बघितला. एरवी सकाळच्या नमस्काराला साठ उत्तरं देणारा ग्रुप तीन तास गप्प होता. शेवटी मुंजाजीनं लिहिलं, 'दादा, निट बघा.'

दादांनी नीट बघितलं. फोटो गेला. त्या जागी 'हा संदेश हटवला आहे' एवढं उरलं, आणि तेही दोनशेचौदा जणांनी वाचलं.

दिवेलागणीला उकंडराव सुमनबाईच्या ओसरीवर आले. बरोबर अनुसयाबाईंना आणलं होतं, कारण बोलायचं तर कोणाच्या तरी मार्फत. सुमनबाई दाराआड. मधे तीन पावलांचं अंतर.

"अनुसया, तिला सांग, हंगाम सरेस्तोर घरी बस म्हणा."

सांगायची गरज पडली नाही. ऐकू सगळ्यांना येत होतं.

"आक्का, त्यांना सांगा," दाराआडून आलं, "हंगाम सरल्यावर कामच न्हाई. घरीच बसते म्या."

"तोंड उघडं टाकून गेली तर घराण्याची इज्जत जाते. झाकून गेली तर माझा ठराव मोडते. तिला म्हणा, लोकं काय म्हणतेन?"

"लोकं अकरा वर्सं काही म्हणले न्हाईत. फोटो भावजीनं टाकला."

"तिला काय कमी पडून राहिलं, विचार."

"प्रतिक्षाचं शेवटचं वर्स हाय. दोन खाडे झाले की शेडवर दुसरी बाई उभी करतेत. माझं काम गेलं की ती परत येते. मग तिचं लगन भावजी करतेन, ते म्हाईत हाय मला. कोणासंग करतेन तेबी म्हाईत हाय."

उकंडराव उठले. जाताना दाराकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून जीप थांबणार न्हाई, सांग तिला."

यापूर्वी सुमनबाईला राग आला नव्हता असं कोणी समजू नये. विश्वंभर गेल्यापासूनचा बारा वर्षांचा राग तिच्याकडे होता, फक्त तो काढायला कुठं जागा नव्हती. ठरावानं जागा दिली. दुसऱ्या दिवशी ती खाडा करून पंचायतीत गेली आणि तिनं ठराव बघायला मागितला. आमच्या पंचायतीत ठराव वाचायला मागणारी ती पहिलीच. ग्रामसेवकांनी आधी पाणी दिलं, मग वही.

तिनं सगळा वाचला. खाली महिला सभेच्या सह्या होत्या. एकतिसाव्या नंबरवर तिचं बोट थांबलं.

"ही माझी सही हाय?"

"तुमचीच दिसते."

"ही टाकीसाठी केली होती म्या."

ग्रामसेवक वहीच्या कडेचा दोरा नीट करत बसले. सुमनबाई पुन्हा वरून वाचायला लागली. दाखल्याच्या ओळीपाशी आली तेव्हा तिनं कागद मागितला आणि तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. चार ओळी. मी अकरा वर्षांपासून हळद पॉलिशच्या ड्रमवर मजुरी करते. धुळीमुळे तोंड झाकावे लागते. ठराव क्रमांक सातप्रमाणे दाखला मिळावा. खाली पूर्ण नाव, नवऱ्याचं आणि घराण्याचं.

ग्रामसेवकांनी अर्ज वाचला आणि आवाज खाली घेतला. "बाई, यादी फलकावर लागते. वेशीत. नावापुढं 'मजूर' असं येईल. त्यापेक्षा शिवणकामाचं लिहू का?"

"शिवणकामाला तोंड बांधावं लागते काय, साहेब?"

"नाही."

"मग मजूरच लिवा. ठळक."

खाडा तेवढा एकच झाला; पुढचे दिवस मोहनसिंगनं तिला थांब्याच्या अलीकडे, कॅमेऱ्याबाहेर जीपमध्ये घेतलं. पंचायतीचे कागद आठवड्यातून एकदा गठ्ठ्यानं सहीला उकंडरावांच्या घरी जातात. उकंडराव गठ्ठा चाळत नाहीत. अनुसयाबाई चुलीपासून उठून येतात, रामकिशन पानं उलटतो, त्या सह्या करतात. पाच वर्षांचा तो क्रम. त्या आठवड्यात अठरा कागद होते. मी ते नंतर बघितले. सतरा सह्या नेहमीसारख्या, ओळ सोडून खाली घसरलेल्या, 'अनु' नंतर एक फराटा. एक सही पूर्ण आहे. प्रत्येक अक्षर काढलेलं, काना सरळ, शेवटी टिंबसुद्धा.

सोमवारी फलकावर यादी लागली. यादीत नाव एकच होतं. फवारणीवाल्या पुरुषांना दाखला घ्यायची गरज वाटली नव्हती, कारण त्यांना कोणी अडवत नव्हतं.

उकंडरावांचा आवाज त्या सकाळी मारुतीच्या पारापर्यंत आला.

"सही कोन केली ह्याच्यावर?"

"म्या."

"तुला अक्कल हाय का? काय हाय ते बगायचं न्हाई?"

अनुसयाबाईंचं उत्तर शेजारच्या तीन घरांनी ऐकलं, म्हणून ते शब्दाला शब्द मिळतं. त्यांनी आवाज चढवला नव्हता.

"तुमीच म्हणले होते ना, कागद आला की सही करायची, वाचायचा न्हाई. म्या वाचला न्हाई."

मंगळवारी सुमनबाई पुन्हा थांब्यावर आली. सगळा थांबा वाट बघत होता, तरी तिला येताना बघून लोक घटकाभर ओळखायला चुकले. चेहरा उघडा होता. डोळे आणि कपाळ उन्हानं काळवंडलेलं आणि नाकाच्या खाली, जिथं अकरा वर्षं फडकं होतं तिथं, उजळ. दोन बायकांचे चेहरे मधे शिवून जोडल्यासारखे. फडकं घडी करून डब्यावर ठेवलेलं, त्यात दाखला.

रामकिशन सवयीनं पाठ करून उभा होता.

"फिर इकडं," ती म्हणाली. "बग. कोन हाय म्या?"

"सुमनवहिनी," रामकिशन म्हणाला. त्याला रडू आलं की काय कोण जाणे, तो नाक पुसत राहिला.

तेवढ्यात उकंडराव आले. चालत, चपला उलट्या सुलट्या, सकाळी सातला. मधे उभं करायला बरोबर कोणी नव्हतं. अनुसयाबाई आल्या नव्हत्या. त्यांनी एकदा मोहनसिंगकडे बघितलं, एकदा रामकिशनकडे, की यांच्यातल्या कोणाला तरी 'तिला सांग' म्हणता येईल. मोहनसिंग स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागला.

मग ते तिच्याशी बोलले. चोवीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तोंड झाक."

सुमनबाई दाराआड झाली नाही. तिथं दार नव्हतं. "ठराव म्हणते उघडं ठेव. घराणं म्हणते झाक. कुणाचं ऐकू भावजी? दोन्ही तुमीच."

"दाखला हाय ना तुझ्याकडं. झाक अन् जा. कोणी अडवणार न्हाई."

"हाय. झाकायची परवानगी हाय म्हणून लिवलंय. झाकलंच पाहिजे म्हणून न्हाई लिवलं." तिनं डब्यावरचं फडकं उचललं. "अकरा वर्सं तुमच्या इज्जतीला म्या माझ्या तोंडाचं फडकं बांधलं. धुराळा माझ्या छातीत गेला. आता तुमची इज्जत तुमी झाका. माझं फडकं ड्रमपुरतं."

थांब्यावरची तेरा माणसं उकंडरावांकडे बघत होती, आणि प्रत्येकाचं तोंड उघडं होतं, ठरावाप्रमाणे.

"चला बाई," मोहनसिंग म्हणाला. "म्होरं बसा. मागं बोचक्याशेजारी नगा बसू आता."

ती पुढच्या सीटवर बसली. शेडवर ड्रम फिरायला लागल्यावर तिनं फडकं बांधलं, संध्याकाळी सोडलं आणि उघड्या तोंडानं परत आली. पुढचे सगळे दिवस तसेच. प्रतिक्षाची परीक्षा मेमध्ये आहे. गावात आता तिला सगळे ओळखतात, आणि बरेच जण तिला बघून दुसरीकडे बघतात. ओळखण्याची सवय व्हायला वेळ लागतो. दोन बायकांनी मात्र तिला शेडवर जागा आहे का विचारलं. दोघी मोठ्या घरच्या.

उकंडरावांनी ठराव क्रमांक सात रद्द करायचं ठरवलं आहे, म्हणजे फलकावरची यादीही उतरेल. तो अजून रद्द झालेला नाही. रद्द करायला ग्रामसभा लागते, ग्रामसभेच्या नोटिशीवर सरपंचांची सही लागते, आणि सरपंच आता प्रत्येक कागद वाचतात. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, सवय सुटलेली, बोट ठेवून वाचावं लागतं. नोटीस त्यांच्याकडे तीन आठवडे पडून आहे.

"झाली का वाचून?" उकंडराव रोज विचारतात.

"दुसरी ओळ चालू हाय," अनुसयाबाई म्हणतात.